ढेप बोटीवर चढली तर

मंडळी, तेलगिरणीच्या या फळ्यावर मी रोज सरकीचा भाव लिहितो. आज सकाळी घडलं तेच लिहून राह्यलो.

मुंबईचा व्यापारी आला. म्हणाला, "तेल काढून उरलेली सगळी ढेप द्या. बोटीनं विलायतेला जाईल, देशाला परकीय चलन मिळेल." मालक खूश झाले. मीही झालो.

पोती शिवणाऱ्या सखूबाईनं सुई थांबवली. "साहेब, थे ढेप खाऊन आमचे ढोरं जगतेत. तिकडच्या गायीनं खाल्ली तं शेन कोठी पडन?"

व्यापारी हसला. "तिकडंच."

"मंग आमच्या वावरात खत कायचं? अन् पुढच्या साली सरकी कोठून आनसान?"

मालकांनी अर्धीच ढेप कबूल केली.

मले अर्धीही जास्त वाटते. तुम्हाले? खडू फळ्याखाली ठेवला आहे, तुमचं मत लिहा.