बंद मशीनने दिलेली ओ

गोदामाकडचा अर्धा रस्ता कापला तेव्हा अकरा वाजून गेले होते. पुलाचं काम चालू, म्हणून बसने आम्हाला अलीकडेच उतरवलं होतं. पुढे माझी धाकटी नणंद फोनवर बोलत, मागे मी तिची पिशवी सांभाळत.

ती सरकारी कॉम्प्युटर सांभाळते. लशींच्या गोदामातल्या फ्रिजांचं तापमान मिनिटामिनिटाला तिच्या एका मशीनमध्ये जमा होतं. हे मशीन हाताला लागत नाही. मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवलेला तो दुसरा कॉम्प्युटर. दहा वाजल्यापासून त्याचं नेटवर्क येत-जात होतं, एक नोंद धड होत नव्हती. दोन तास नोंद नसेल तर सगळा साठा फेकायचा, असा नियम. वहीतले आकडे चालत नाहीत. म्हणजे बारापर्यंतच वेळ.

"मावशी, तिथल्या कॉम्प्युटरवरून पुन्हा हाक मारा त्याला. जागं असेल तर ओ देईल. चारदा."

"दोनदा ओ दिली, दोनदा नाही," गोदाम बघणाऱ्या मावशींचा आवाज आला.

"वायर?"

"बदलली गं बाई. साहेब डोक्यावर उभे आहेत. म्हणतात, तूच लादी पुसताना काहीतरी ओढलंस."

मी म्हटलं, "दोन मिनिटं टेकू या का?"

"वहिनी, टेकले तर उठणार नाही."

मी पावलागणिक देवाचं नाव घेत राहिले. दुसरं काय येतं मला?

थोडं पुढे जाऊन ती थबकली. "मावशी, ते मशीन चक्क बंद करा."

"अगं, आहे तेवढंही जायचं!"

"करा. मग हाक मारा."

एक ट्रक धूळ उडवत गेला. फोनमधून मावशी ओरडल्या, "बंद आहे तरी ओ देतंय! चारच्या चार वेळा!"

माझ्या अंगावर काटा आला. "बंद घरातून कोण बोलतंय गं?"

ती रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसली. "जुनं मशीन, वहिनी. शनिवारी त्याचीच नक्कल करून मी नवं उभं केलं. जुनं बंद केलं, पण पुसलं नाही. सकाळी वीज जाऊन आली, तेव्हा ते आपोआप जागं झालं असणार. एका पत्त्यावर दोन घरं. टपाल कधी इथे, कधी तिथे."

फुटक्या बरणीचं झाकणसुद्धा तिला टाकवत नाही; त्यावरून मी कितीदा बोलले असेन. त्या वेळी फक्त पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली.

तिने एकेक पायरी सांगत मावशींकडून जुनं बंद करवलं, नवं चालू करवलं. बाराला आठ कमी असताना आवाज आला, "आलं! चार अंश!"

ती हसली नाही. उठून आधीपेक्षा भराभर चालू लागली.

गोदामात साहेब नव्हते. मावशींसमोर कोरा कागद होता. साहेबांनी लेखी खुलासा मागितला होता. नणंदेने कागद ओढून घेतला. मग तो माझ्यापुढे सरकवला.

"वहिनी, तुझं अक्षर चांगलं आहे. मी सांगते तसं लिही. पहिल्या ओळीत माझं नाव घाल, आणि मावशींचं कुठेच येऊ देऊ नकोस."