पाळण्याच्या चालीत पोवाडा

भामाबाईशिवाय आमच्या गावात बारसं होत नसायचं. पार पाटोद्याकडच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. बाई तोंडाची फटकळ, पण पाळणा म्हणाया लागली की रडकं पोरगं गप पडायचं. पोवाडाही म्हणायची, तेव्हा डफावर मी, उत्तरेश्वर. म्हणून सांगतो, तिच्या गाण्याबद्दल मला कुणी शहाणपण शिकवू नये.

तिचा थोरला, शहादेव, एकाहत्तरच्या लढाईत गेला. मागोमाग दुष्काळ. विहिरी आटल्या, सगळं गाव सरकारी कामावर खडी फोडायला. धाकट्या पंडितनं ठरवलं, आपणबी फौजेत जायचं. तिथं दोन वेळा पोटभर तरी मिळतं. खोटं काय होतं त्यात? भामाबाईनं विनवण्या केल्या, उपास धरले. पोरगं ऐकंना.

अन् आमचे आबासाहेब, सोसायटीचे चेअरमन! त्यांनी सोसायटीसमोर सभाच लावली. भरतीला निघालेल्या पोरांना ओवाळायचं, अन् त्याआधी भामाबाईनं शहादेवाचा पोवाडा म्हणायचा. पोरं पेटली पाहिजेत, म्हणाले. माझं तर डोकंच फिरलं. बाईचं काळीज काय दगडाचं हाय? पण ती लगेच हो म्हणाली.

सभेत पंडित इतर पोरांबरोबर स्टेजवर उभा. मी डफ शेकून तयार. भामाबाईनं पदर सावरला अन् सुरू केलं. शब्द पोवाड्याचेच: रण, तोफा, मागं न हटणारा मर्द. चाल मात्र पाळण्याची! पोवाड्यात जिथं आवाज चढवायचा, तिथं ती उतरवायची. 'तोफ धडाडली, जो जो रे.' माझा हात डफावर पडंना. लेकरू निजवताना कुणी डफ बडवतं का?

पाळणा सुरू झाला की आमच्याकडच्या बाया गप बसत न्हाईत, 'जो जो' धरतात. सवयीनं सगळ्यांनी धरला. शब्द मर्दुमकीचे, पण डोळ्यापुढं मर्द येईना. धडुत्यात गुंडाळलेलं लेकरू यायचं. आबासाहेब खुणावत होते, जोरात म्हणा. ती आणखी हळू म्हणायची.

पाळण्याच्या शेवटच्या कडव्यात लेकराचं नाव घेतात. शहादेवाचं नाव येणार म्हणून आम्ही समदे थांबलो. भामाबाईनं स्टेजकडं बघितलं.

"पंडित निजला, जो जो रे."

बायांचा सूर तुटला. जित्या लेकाचं नाव गेलेल्याच्या गाण्यात! पंडित खाली उतरला अन् त्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"माय, बस कर. न्हाई जात मी."

दुसऱ्या दिवशी तो तिच्याशेजारी खडी फोडत होता. घरी आल्यावर भामाबाईनं मीठ-मोहऱ्या घेऊन त्याची दृष्ट काढली. मग रोजच काढायला लागली. पंडितचे केस पिकले तरी दिवे लागले की तो मुकाट तिच्यापुढं बसायचा. कुणी हसलं तर म्हणायची, "हसा बापहो. पण माझ्या लेकराला माझ्याच तोंडाची दृष्ट लागलीय."