पाचवी बाहुली

संगमनेरच्या माझ्या बालमैत्रिणीचा, रंजनाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, माझ्या घरी, भाजी फोडणीला टाकत होते. "एस्तेरमावशी गेली गं," एवढंच ती म्हणाली... भाजी करपली. याला आता काही आठवडे झाले, पण अजून जरा डोळा लागला की मला संगमनेरचं तिचं घर दिसतं. त्या घरात कायम दुपार असते. नाताळच्या सुट्टीतली, मऊ उन्हाची, करंज्यांच्या तळणाचा वास येणारी दुपार.

मावशी माझ्या आईची चुलतबहीण. आईबाप लहानपणीच गेले, म्हणून ती मिशनच्या बोर्डिंगात वाढली. पुढे लग्न झालं ते एसटीतल्या कंडक्टरशी, आमच्या काकांशी. मूलबाळ झालं नाही. त्याची कसर तिनं गल्लीतल्या पोरांवर माया करून भरून काढली, आणि सुट्टी लागली की राहात्याहून येणाऱ्या माझ्यावर. तिच्या बोलण्यात निम्मी एसटी असायची. पोरांचं जेवण आटोपलं की "चला, डबल मारा," म्हणजे गाडी सुटायची दुहेरी घंटी द्या, उठा आता. आणि कुठूनही निघताना, मग ते देऊळमळ्यातलं लग्न असो की बाजार, ती उंबऱ्याशी थांबून मागे वळायची आणि काकांच्याच सुरात विचारायची, "मागं कुणी न्हाई ना ऱ्हायलं?" आम्ही मुलं तिची हुबेहूब नक्कल करायचो. तिला ते आवडायचं.

या प्रश्नाचं मूळ तिनंच एकदा करंज्या लाटता लाटता सांगितलं होतं. बोर्डिंगाला उन्हाळ्याची सुट्टी लागली, सगळ्या मुलींना न्यायला कुणी ना कुणी आलं. माझ्या आजोबांना वाटलं हिला मामा नेतील, मामांना वाटलं चुलता नेईल. ही ट्रंक घेऊन फाटकाशी उभी. दिवस कलेपर्यंत चवड्यावर उभी राहून रस्त्याकडे बघत होती म्हणे. सांगताना ती हसत होती. मला मात्र तेव्हा रडू आलं होतं, आणि तिनं पिठाच्या हातानंच माझं नाक पुसलं होतं.

त्याच वर्षी पुण्याच्या कुणा पाहुण्यांनी मला एक फॅशनची बाहुली दिली होती. सोनेरी केसांची, कमरेनं काडी. तिचे पाय असे घडवलेले की टाच म्हणून टेकायची नाही. मावशीनं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ही बी गाडीची वाट बघती व्हय." तिनं काकांच्या जुन्या खाकी सदऱ्याचा झगा शिवून तिला घातला आणि भिंतीला टेकवून टीव्हीवर उभी केली. फॅशनची पार वाट लागली, पण मला तो झगा फार आवडला.

गल्लीत केबल नुकतीच आली होती. रंजनानं बातमी आणली की अशाच बाहुल्यांचा कार्टूनचा स्पेशल कार्यक्रम रविवारी दुपारी लागणार आहे. 'स्पेशल' म्हटल्यावर मावशीला दुसरं काय सुचणार? जत्रेला गर्दी झाली की सोडतात ती जादा गाडी. तिनं गल्लीतली झाडून सगळी पोरं गोळा केली. गर्दी दिसली नाही तर स्पेशल सुटायची कशी, असा तिचा सरळ हिशोब.

कार्यक्रम इंग्रजीत होता. आम्हाला ओ का ठो कळत नव्हतं, मावशीलाही नाही, पण ती बेधडक अर्थ सांगत सुटली. बाहुल्यांचा गाण्याचा ताफा ढगांतल्या गावी गेलाय, यजमान लई चांगले हायेत, आता निघायची घाई हाय. आमच्या केबलचं चित्र दुधात भिजवल्यासारखं पांढुरकं. शेवटी बाहुल्या ओळीनं चंदेरी गाडीकडे चालू लागल्या आणि मावशी पुढे सरकली. चौघींच्या मागे पाचवी होती. फिकट, एक पाऊल मागे. चौघी गाडीत चढल्या, दार मिटायला लागलं... आणि वीज गेली.

वीज आली तेव्हा बातम्या लागल्या होत्या. पोरं विसरून खेळायला गेली. मावशी विसरली नाही. कितीतरी रविवार ती दुपारी पोरं जमवायची, टीव्ही लावायची आणि वाट बघायची. गर्दी झाली की स्पेशल पुन्हा सुटेल अशी तिची खात्री. "तेवढी पोरगी चढली का बघायचं हाय," म्हणायची. काका चिडवायचे, पण पोरं बसायला सतरंजी तेच अंथरायचे.

मग आम्ही मोठ्या झालो, काका गेले. गेल्या पावसाळ्यात मला मोबाईलवर तो कार्यक्रम अचानक सापडला. मी तो न बघताच धावत संगमनेरला गेले. मावशी अंथरुणाला खिळली होती. मी मोबाईल पुढे धरला, तर तिनं हातानंच बाजूला सारला.

"दोघींसाठी कुठं स्पेशल सोडत्यात?" म्हणाली. "समदी येऊ देत."

समदी आली ती तिच्या मातीनंतर. सांत्वनाची प्रार्थना झाली, चहा झाला, पण उठवेना कुणाला. कुणाला टक्कल पडलेलं, कुणाच्या कडेवर नातवंड, पण तीच गल्ली, तीच गर्दी. मला एकदम काय वाटलं कोण जाणे, मी मोबाईल टीव्हीला जोडला. पाळकसाहेबांनी चमकून पाहिलं, पण तेही बसले.

चित्र आता लख्ख होतं. ढग, गाणी, चंदेरी गाडी. बाहुल्या ओळीनं निघाल्या. एक, दोन, तीन, चार. त्यांच्या मागे नुसतं निळं आभाळ. दार मिटलं, गाडी उडाली, संपलं.

"पाचवी कुठंय?" रंजना म्हणाली.

मला उमगायला क्षण लागला. आमच्या केबलवर प्रत्येक चित्राच्या बाजूला त्याची फिकट सावली पडायची. ओळीतल्या तिघींची सावली मागच्या बाहुलीवर पडून हरवायची. शेवटच्या बाहुलीची तेवढी मोकळ्या आभाळात दिसायची. मी हे सगळ्यांना सांगितलं.

"म्हंजी मागं कुणी ऱ्हायलंच नव्हतं," रंजना म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मीही रडले. मावशीला हे कळायला हवं होतं, असं फार फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी घर बंद करून निघायचं होतं. खिडक्या लावल्या, पाणी बंद केलं, किल्ली हातात घेतली. उंबऱ्याशी पाय आपोआप थांबले आणि तोंडातून निघून गेलं, "मागं कुणी न्हाई ना ऱ्हायलं?"

राहिलं होतं. टीव्हीवर, खाकी झग्यात, भिंतीला टेकून, चवड्यावर. मी आत गेले, तिला उचलून घेतलं, आणि मग कुलूप लावलं.