लुगड्याचे दोर

आमच्या वाडीतील दमयंती हिच्याविषयी मी हे लिहीत आहे. ती कोणी मोठी व्यक्ती नाही. रत्नागिरीजवळच्या आमच्या खाडीवर ती शिडाची होडी चालवते. ती तिने चालवू नये असे ज्या पाच पंचांना वाटत होते, त्यांच्यामध्ये मी, आत्माराम, बसलो होतो. म्हणून ही हकिकत खरी सांगणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

आमच्या खाडीवर पूल नाही. रत्नागिरीची एस.टी. पलीकडच्या थांब्यावरून सुटते. मासळी विकणाऱ्या बायका, मास्तर, कचेरीत जाणारी माणसे, सर्वांना होडीनेच पलीकडे जावे लागते. तीन घरांच्या तीन होड्या आहेत आणि प्रत्येक घराला आठवड्यातील दोन दिवसांची पाळी आहे. मंगळवार व शुक्रवार ही दमयंतीचा नवरा बाळा याची पाळी होती. १९८२ च्या दिवाळीनंतर बाळा काविळीने वारला. त्याला मूल नव्हते. तेरावे होताच त्याचा धाकटा भाऊ महिपत पंचांकडे आला आणि त्याने ती पाळी स्वतःसाठी मागितली.

दमयंतीला बोलावले. ती पदर घेऊन उभी राहिली, पण तिने खाली पाहिले नाही.

"होडी माझ्या दारात हाय," ती म्हणाली. "पाळीपण माझ्याच दारात ऱ्हाईल."

"वयनी, होडी म्हंजे चूल नाय," महिपत हसून म्हणाला.

"व्हय भावजी. चुलीजवळ तुमी कधी बसलात नाय, म्हणून तुमाला दोन्ही सोपी वाटतात."

येथे होडीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मोठ्या शिडाच्या पुढे एक लहान तिकोनी शीड असते. त्यास आम्ही जीब म्हणतो. जीबच्या मोकळ्या कोपऱ्याला दोन दोर बांधलेले असतात, एक डाव्या अंगाला व एक उजव्या. समोरून वारा असला म्हणजे होडी सरळ जात नाही. तिरकी नेऊन पुन्हा पुन्हा फिरवावी लागते. प्रत्येक फिरवणीला एका अंगाचा दोर सोडायचा आणि दुसऱ्या अंगाचा ओढायचा. हे काम पुढे बसलेला माणूस करतो आणि सुकाणू मागचा माणूस धरतो. दहा वर्षे बाळाच्या पुढे बसून हे दोर दमयंतीनेच ओढले होते. परंतु बायको नवऱ्यास हातभार लावते, इतकेच आम्ही ते मानले.

तेव्हा पंचांनी अट घातली. होडीत परका पुरुष घेतला तर वाडीत बोलणे होईल, म्हणून तिने एकटीने होडी न्यावी. भाताची सहा पोती भरून, समोरच्या वाऱ्यावर, वल्ह्याला हात न लावता पलीकडे जावे आणि अर्धी ओहोटी होण्याच्या आत परत यावे. जमले तर पाळी तिची, नाही तर महिपतची. दोन माणसांचे काम एकटीने होणार नाही, हे आम्हां पाचही जणांस ठाऊक होते. अट मीच सुचवली होती.

दमयंतीने पंधरा दिवसांची मुदत मागितली.

प्रथम तिने दोर अडकवण्याच्या कड्या पुढच्या भागातून काढून मागे, सुकाणूच्या जवळ बसवल्या. त्यामुळे दोर अधिक लांब लागले. जुने काथ्याचे दोर तिने जोडून पाहिले. ते भिजले की जड होत आणि मंद वाऱ्यात जीबचा कोपरा खाली ओढत. मग तिने बाजारातून नायलॉनचा दोर आणला. तो हलका होता, पण ओल्या हातातून निसटला, तळव्यांची साल निघाली, आणि टोक कडीतून सुटून शीड वाऱ्यावर फडफडत राहिले. त्या दिवशी ती वल्ही मारीत परत आली. किनाऱ्यावर आम्ही बसलो होतो.

"काय गो दमयंती, पतंग उडवायला गेलीस?" कोणीतरी ओरडले. सर्व हसले. मीही हसलो.

ती घरी गेली आणि तिने पेटी उघडली. नवरा गेल्यावर बाईने रंगीत लुगडी नेसायची नाहीत, ती जावेला द्यायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. महिपतच्या बायकोने ती दोनदा मागितली होती. दमयंतीने त्यांतले हिरवे आणि डाळिंबी लुगडे काढले, उभ्या पट्ट्या फाडल्या आणि अंगणात सर्वांच्या देखत त्यांची घट्ट वेणी वळली. महिपत धावत आला.

"वयनी, लाज हाय काय? सवाष्णीचं लुगडं होडीला बांधतेस?"

"नेसू नको म्हणालात. नेसले नाय. बांधू नको, असं कोण म्हणाला?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी बोलावं म्हणूनच तर अंगणात बसलेय."

वळलेले दोर तिने लगेच कापले नाहीत. प्रथम दोन दिवस खाडीच्या पाण्यात बुडवून ठेवले व उन्हात वाळवले. सुती कापड भिजले की आकसते, हे आम्हां पुरुषांच्या ध्यानात आले नसते. आकसल्यानंतरच तिने माप घेतले. जीबच्या कोपऱ्याला बाळा लोखंडी आकडा लावीत असे. तो वाऱ्यात कपाळावर बसतो म्हणून तिने काढून टाकला आणि दोर थेट गाठीने बांधले. डाव्या अंगाला हिरवा, उजव्या अंगाला डाळिंबी, म्हणजे हाताशी घेताना चूक नको. शेवटच्या टोकांना तिने मराठी ४ या आकड्यासारखी गाठ मारली. ती कडीतून निसटत नाही.

ठरलेल्या दिवशी भरती पूर्ण झाल्यावर ती निघाली. सारी वाडी किनाऱ्यावर होती. सुकाणू तिने काखेत धरले होते आणि दोन्ही दोर मांडीवर होते. पहिल्या दोन फिरवण्या नीट झाल्या. तिसऱ्या वेळी ती खाडीतल्या उथळ वाळूच्या पट्ट्याजवळ पोहोचली. होडी अर्धी फिरली, तरी तिने हिरवा दोर सोडला नाही. जीब उलट्या बाजूने फुगले.

"इसरली!" महिपत ओरडला. "सोडायला इसरली! आता रुतते बघा!"

मी उभा राहिलो. माझी अट तिला बुडवते आहे, असे मला त्या क्षणी वाटले, आणि त्याचा मला आनंद झाला नाही. परंतु ती विसरली नव्हती. उलट्या बाजूने भरलेल्या जीबने भाराने जड झालेल्या होडीचे नाक भराभर दुसरीकडे ढकलले. मग तिने हिरवा सोडला आणि डाळिंबी ओढून घेतला. पट्टा एका वल्ह्याच्या अंतरावर राहिला आणि होडी सुटली. मी चाळीस वर्षे होडीत काढली, पण भरल्या होडीने एकट्याने असे करण्याचे धाडस मी कधी केले नाही.

अर्धी ओहोटी होण्यास पुष्कळ वेळ असताना ती परत आली. पोती कोरडी होती.

आम्ही पंच बसलो आणि, लिहिण्यास लाज वाटते, तरीही आम्ही पळवाट काढली. पाळी दमयंतीची, पण लोकांसमोर सुकाणूवर महिपत बसेल, असे आम्ही सांगितले.

"नाय," ती म्हणाली. "अट तुमची, पुरी मी केली. आता अर्धी पाळी घेणार नाय. मंगळवारी मी होडी लावणार. महिपत भावजींनीपण लावू दे. माणसांना पाय हायेत, ती ठरवतील."

मंगळवारी सकाळी किनाऱ्याला दोन होड्या लागल्या. महिपत उसन्या आणलेल्या होडीतून हाका मारीत होता. दमयंती हाका मारीत नव्हती. बराच वेळ कोणी हलले नाही. मग सगुणा नावाची मासळीवाली टोपली घेऊन पुढे झाली आणि म्हणाली, "माझी मासळी नासते. तुमची मर्जी बघत बसू काय?" ती दमयंतीच्या होडीत चढली. तिच्यामागून आणखी तीन बायका चढल्या. पुरुष माझ्याकडे पाहत होते, कारण मी पंच होतो.

मला त्या दिवशी पलीकडे काही काम नव्हते. मी धोतर वर घेतले, पाण्यात उतरलो आणि तिच्या होडीत जाऊन डाव्या अंगाला बसलो.

"आत्मारामदादा," ती म्हणाली, "तिथं नको. तिथनं दोर सुटतो. मधी बसा."

मी उठून मध्ये बसलो.