सहीशिवाय पान नाही

देव माणसं घडवतो तेव्हा प्रूफ काढत नाही, म्हणून दुनियेची ही अवस्था झाली आहे, अशी माझ्या सासऱ्यांची पक्की समजूत आहे. देवाचं हे राहून गेलेलं काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलंय. कर्जतात त्यांचा छापखाना होता. चाळीस वर्षं लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची कार्डं छापली. मग लोक पत्रिका मोबाइलवर धाडायला लागले, छापखान्याचं शटर खाली आलं आणि सासरे मोकळे झाले. मोकळा सासरा घरात काय काय करतो ते मी इथं लिहीत नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांना ठाऊक आहे.

मी पोशीर गावची. भातशेतीवाल्या घरातली कॉलेज पाहिलेली पहिली, बीएस्सी कॉम्प्युटर, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. चौकजवळच्या एका हायस्कुलात नववी-दहावीला वेबसाइट बनवायला शिकवते. आमच्या मुख्याध्यापकांची लग्नपत्रिका सासऱ्यांच्या छापखान्यातली. तेवढ्या ओळखीवर त्यांनी सासऱ्यांना 'पानाची मांडणी' या विषयावर एक तास बोलायला बोलावलं. त्याला तीन वर्षं झाली. तो तास अजून चालू आहे.

रोज ते माझ्या स्कूटरवर मागे बसून येतात आणि कर्जत ते चौक रस्त्यावरच्या पाट्यांतल्या चुका माझ्या कानात वाचतात. ढाब्याचा बोर्ड, गॅरेजचा बोर्ड, प्लॉट विकणाऱ्याचा बोर्ड, कुणाला सुटका नाही. एकदा तर मी सिग्नल न देता वळले, तेव्हाही ते टेंपोवाल्याच्या शिव्यांतलं व्याकरण तपासत होते. वर्गात शिरले की कीबोर्डला हात लावण्याआधी रुमालाने बोटं पुसतात, जणू शाई अजून लागलेलीच आहे. मग खिशातून लाकडी फूटपट्टी काढून स्क्रीनवर समास मोजतात. मी वर्गात सांगते की हे पान फोनवर वेगळं दिसतं, टीव्हीवर वेगळं. ते म्हणतात, "मग ते पान नाही सूनबाई, तो सरडा आहे." खाली सरकवत जायचं पान त्यांना मुळीच मान्य नाही. मात्र कोपरा न् कोपरा भरून टाकणाऱ्या पोराला ते ओरडतात ते बरोबर असतं, हे मला मान्य करावं लागतं. "जागा मोकळी ठेव रं. कुणीतरी यायचं राहिलेलं असतं."

पण त्यांचं मुख्य खूळ म्हणजे सही. पानावर ज्याचं नाव किंवा ज्याचा धंदा, त्याने कागदावरचं प्रूफ वाचून सही केल्याशिवाय पान बाहेर जाणार नाही. यालाही इतिहास आहे. एकदा पत्रिकेत मुलाच्या धडधाकट काकांच्या नावाआधी 'कै.' पडलं. ते कैलासवासी काका स्वतः छापखान्यात आले आणि संध्याकाळपर्यंत न बोलता समोर बसून राहिले. लग्नाला गेले, पण जेवले नाहीत. मेलेल्या माणसाला पान वाढतात ते गच्चीवर, असं म्हणाले. तेव्हापासून सासरे सही घेतात. म्हणजे माझी मुलं वेबसाइट बनवतात, तिची छपाई करतात, सहीला हिंडतात आणि परत येऊन ती इंटरनेटवर चढवतात. बैलगाडीत विमान घालून न्यावं तसं.

गेल्या वर्षी तालुक्याची विद्यार्थी वेबसाइट स्पर्धा होती. पहिलं बक्षीस लॅपटॉप. आमच्या दहावीतल्या साक्षीच्या घरी फोन तेवढा एक, तोही बापाचा, आणि बाप टेंपोवर. तिला तो लॅपटॉप हवाच होता, आणि मला हवा होता माझ्या वर्गाचा पहिला नंबर. तिने आईच्या खानावळीची वेबसाइट केली होती. जुन्या हायवेला ड्रायव्हर लोक जेवतात ती खानावळ. पान देखणं झालं होतं. शनिवारी पाच वाजेपर्यंत पाठवायचं होतं आणि अर्जावर मार्गदर्शक म्हणून आम्हा दोघांच्या सह्या लागत होत्या. मी केली. सासऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आईची सही कुठाय?"

मी चिडले, साक्षी रडवेली झाली, मुख्याध्यापकांनी हात जोडले. पण उपयोग शून्य. साडेचारला आम्ही तिघं खानावळीत पोचलो. साक्षीची आई भाकरी थापत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले, कागद घेतला आणि उभ्यानेच वाचायला लागली.

"चोवीस तास सेवा," ती म्हणाली. "मंग मी निजायचं कवा?"

साक्षी म्हणाली, असं लिहायचं असतं.

"नि ही अनुभवी टीम कोन गं? हितं तर मी एकटीच हाय. पनीर टिक्का? मी पिठलं नि सुकट करते. ह्यो ताटाचा फोटो कुनाच्या घरचा? आपल्याकडं पितळंची ताटं नाय."

मी स्कूटरच्या किल्लीकडे बघत होते. अनुभवी टीम, चोवीस तास सेवा, फुकट मिळणारे फोटो, हे सगळं मीच शिकवलेलं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी फक्त लाल पेन तिच्या हातात दिलं.

तिने एकेक ओळ खोडली. शेवटची ओळ मालकाची होती. तिथे साक्षीने रीतीप्रमाणे बापाचं नाव घातलं होतं. त्या ओळीवर तिने पेन टेकवलं.

"सायब, तो मानूस चांगला हाय," ती सासऱ्यांना म्हणाली. "पन त्याला चूल पेटवता येत नाय." आणि तीही ओळ खोडली. मग हळूच विचारलं, "माजं नाव बसंल का तिथं?"

"जागा आहे," सासरे म्हणाले.

तिने लिहिलं, सुरेखा. मग थोडं थांबून आडनाव. मग सही. तेव्हा पाच वाजून गेले होते.

साक्षी आठ दिवस आमच्याशी बोलली नाही. लॅपटॉप दुसऱ्या शाळेत गेला, एका झगमगत्या वेबसाइटला, जिच्यात अनुभवी टीम होती. साक्षीचं पान नंतर चढलं, पिठल्याच्या खऱ्या फोटोसकट. आता ती आमच्याशी बोलते, पण लॅपटॉपचा विषय निघाला की सासऱ्यांकडे पाठ करते.

त्या शनिवारी परतताना मी सासऱ्यांना बरंच सुनावणार होते. वाक्यं जुळवून ठेवली होती. गाव मागे पडल्यावर तेच बोलले.

"तुझ्या सासूने बावीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. प्रत्येक पत्रिकेचा शब्द न् शब्द तिच्या बोटांतून गेलेला. खाली मुद्रक म्हणून माझं नाव, तेही तीच जुळवायची."

मी स्कूटरचा वेग कमी केला.

"तिला तेवढं प्रूफ कधी दाखवलं नाही," ते म्हणाले.

सासूबाईंना मी फोटोतच पाहिलंय. पुढे कर्जतपर्यंत ढाबे, गॅरेजं, प्लॉटवाले सगळे येऊन गेले, पण एकाही पाटीतली चूक माझ्या कानावर आली नाही.