ताईचा राग

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या बाईंना सगळे फोटोवहिनी म्हणतात. पन्नाशीच्या आहेत, आवाज खणखणीत. "हनुवटी खाली घ्या हो, छतावरची जळमटं मोजताय का?" असं म्हणून पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या माणसाला हसवतात आणि मग हसल्याबद्दल त्यालाच रागावतात. फोटो देण्याआधी प्रत्येक चेहरा थोडा उजळायचा, ही त्यांची जुनी खोड. पुटकुळी जाते, डोळ्यांखालची वर्तुळं फिकी होतात. कुणी सांगितलेलं नसतं. पूर्वी हे काम बारीक ब्रशने चाले, आता एआयचं एक बटण दाबलं की झालं.

शेजारच्या दुकानात घड्याळवाले काका बसतात. ज्यू आहेत, नव्वदीला टेकलेत, तरी डोळ्याला भिंग लावून काम चालूच. मूळचे युरोपातले. तिथे महायुद्धात हिटलरच्या लोकांनी त्यांचं सगळं घर मारलं. एका शेजारणीने लपवलं म्हणून हे एकटे वाचले आणि पुढे इकडे आले. थोरल्या बहिणीचा एक फोटो तेवढा उरला, तोही घडी पडून चिरलेला. तो त्यांनी कधी कुणाच्या हाती दिला नव्हता. यंदा वहिनींना दिला. "घडी तेवढी काढ, पोरी."

वहिनींनी घडी काढली आणि सवयीने ते बटणही दाबलं. मुलीचे गाल भरले, ओठ हसले, कोटावरचा एक डाग गेला. काकांना चकित करायचं म्हणून त्यांना दाखवण्याआधीच वहिनींनी तो फोटो, खाली बहिणीची हकीकत लिहून, स्टुडिओच्या पानावर टाकलासुद्धा.

मग कुणीतरी शोधून काढलं, की कोटाला बटणं आहेत पण काजंच नाहीत. "फोटो एआयने बनवलाय. म्हणजे मुलगी खोटी, आणि ज्यूंना मारल्याच्या गोष्टीही खोट्या," असं लिहून त्याने तो पसरवला. साठ लाख माणसं मारली गेली, त्याचे खोल्या भरतील एवढे पुरावे आहेत, पण ते बघतो कोण? एकाने एआयलाच विचारलं, तर त्याने 'याबाबत दुमत आहे' असं गुळमुळीत उत्तर दिलं. दुसऱ्याने त्याच्याकडूनच ज्यूंची किळसवाणी चित्रं काढून घेतली.

वहिनी धावत माझ्याकडे आल्या. "अहो बाई, मीच त्यांच्या हातात कोलीत दिलं," त्या मला म्हणाल्या. "काका आता माझं तोंड तरी बघतील का?"

पण बाहेरून कळण्याआधी आपणच सांगायचं, असं ठरवून त्या गेल्या. सोबतीला मला नेलं. सगळं सांगून झाल्यावर काकांनी भिंग लावून नवा फोटो बराच वेळ पाहिला.

"ही कोण?"

"तुमची ताई, काका."

"छे! ही दात काढतेय. आमची ताई त्या दिवशी हसणं शक्यच नव्हतं. मी तिची रिबीन मांजराच्या शेपटीला बांधली होती. फोटोवाला 'हस, हस' म्हणून दमला!"

वहिनींना हसू आलं आणि रडूही. काकांनी कोटावर बोट ठेवलं.

"आणि हा डाग नव्हता गं. ज्यूंना कपड्यावर लावावी लागायची, ती चांदणी होती. आईने वाकडी शिवली, म्हणून ताईने उसवून पुन्हा शिवून घेतली. असल्या खुणेतही हिला टापटीप हवी!" मग म्हणाले, "ती परत आण."

वहिनींनी मूळ फोटोतली फक्त घडी काढली, तीही हाताने. तो पानावर टाकला, आधीचा आपला उद्योग होता असं स्वच्छ लिहिलं, आणि काकांना बोलतं करून त्यांचा व्हिडिओ जोडला. पुष्कळांनी माफी मागितली. काहींनी मात्र लिहिलं, हा म्हाताराही एआयने बनवलाय.

वहिनी भडकल्या. काका म्हणाले, "बनवायचाच होता तर गुडघे तरी धड बनवायचे!"

फोटो आता काकांच्या टेबलासमोर टांगलाय. कपाळाला आठ्या, कोटावर चांदणी. घड्याळ टाकायला आलेलं माणूस हमखास विचारतं, "ही मुलगी एवढी रागावलीय कशावर?"

काका हातातलं काम बाजूला ठेवतात, भिंग उतरवतात आणि म्हणतात, "बसा. घाईत नाही ना?"