बादलीत बसलेला गणपती

मुरलीधररावांची सगळी नोकरी पाण्याशी वैर धरण्यात गेली. मानेसरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात ते रंगखात्यात होते. पत्र्यावर थरावर थर चढवायचे आणि सगळ्यात वर काचेसारखा क्लिअर कोट. पाणी काय, हवासुद्धा पत्र्यापर्यंत पोचता कामा नये. निवृत्त झाले तरी शेजाऱ्याच्या गाडीवर ओरखडा दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

घरचा गणपती मात्र कुमुदिनीबाईंचं खातं. पुण्याहून शाडू मागवून त्या गुडगावच्या फ्लॅटमध्ये स्वतः मूर्ती घडवत. यंदा त्यांच्या हाताला कंप सुटला होता. सोंड काही केल्या वळेना. "ही शेवटचीच बहुतेक," त्या सहज म्हणाल्या. नवऱ्याला ते सहज घेता आलं नाही.

त्या भाजीला गेल्याचं पाहून मुरलीधररावांनी रंगवलेल्या मूर्तीवर क्लिअर कोटचे दोन हात मारले. तळसुद्धा सोडला नाही.

"एवढी चमक कसली?" बाईंनी आल्यावर विचारलं.

"हवा दमट आहे. रंग उतरेल," ते म्हणाले. निम्मं खोटं होतं.

दीड दिवसांनी बाल्कनीत बादलीत विसर्जन झालं. एरवी सकाळपर्यंत नुसता गाळ उरायचा. यंदा दोन दिवस उलटले तरी बाप्पा आंघोळीला बसल्यासारखे जसेच्या तसे. कुमुदिनीबाईंनी मूर्तीवर बोट फिरवलं. मातीचा कणही लागला नाही.

"अहो, क्लिअर कोट मारलात?"

"शेवटची म्हणालीस ना," ते म्हणाले. " विरघळू द्यायचं मनच होईना यार." आणि त्यांचे डोळे भरून आले.

बाई रागावल्या नाहीत, पण ऐकलंही नाही. "अच्छा! म्हणून देवाला कोंडून ठेवायचं? बिल्कुल नाही. गेलाच नाही तर परत येणार कुठून? घासा."

मुरलीधररावांनी पॉलिश पेपर आणला. चेहऱ्याला हात लावायचा धीर होईना, म्हणून पाठीकडून सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदाच ते पाण्याला वाट करून देत होते. कोट फाटला, बारीक बुडबुडे वर आले. संध्याकाळी पाठ खचली, आणि सकाळी चेहराही गेला.

बाईंनी गाळ फडक्यातून गाळायला घेतला.

"ही माती ठेवू. पुढच्या वर्षी तुम्ही घडवा."

"मला कुठे येतं?"

"मी आहे ना. शेजारी बसून चुका काढीन."